उरेब स्कर्टचा कागद काढण्याआधी कापडाचेही माप घ्यावे लागते

तुम्ही विचारले आहे की क्रेपचा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपा कापलेला, स्कर्ट शिवताना कागदी पॅटर्नवरची मापे दोनदा तपासली, शिलाईही नीट झाली, तरी आठवड्याभरात खालचा घेर वरखाली झाला, कंबर सैल पडली आणि कडेची शिवण फिरून पुढे नडगीवर आली, तर पॅटर्न काढताना काय चुकले? वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी बरीच वर्षे शिवणकाम करते. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याच्या गाऊनचे नेमके हेच झाले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

शरीराची मापे तुम्ही बरोबर घेतली असतील. कापडाचे माप घ्यायचे राहिले.

उभ्या धाग्याच्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले तर विणलेले कापड फारसे लांबत नाही. दोहोंच्या बरोबर मधोमध, म्हणजे ४५ अंशांत, ओढले की मात्र धागे एकमेकांवर कलतात आणि विणीतल्या प्रत्येक बारीक चौकटीचा पतंग होतो. धाग्याची लांबी तीच राहते, त्यामुळे कापड जेवढे उतरते तेवढेच, किंवा किंचित जास्तच, रुंदीत आटते. उरेबमध्ये कापलेला १० इंच लांब-रुंद तुकडा साडेदहा इंच लांबला तर त्याची रुंदी साडेनऊच्या आसपास येते; ११ इंच लांबला तर पावणेनऊच्या जरा वर. हा हिशेब कागद काढण्याआधी हातात असायला हवा, आणि तो प्रत्येक कापडाचा वेगळा असतो.

गाऊन बिघडल्यावर मी उरलेल्या क्रेपचा असाच चौकोनी तुकडा कापला, छपरीतल्या दांडीला चिमट्यांनी टांगला, खालच्या कडेलाही तीन चिमटे वजनासाठी लावले आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तो मधोमध डमरूसारखा आत गेला होता. लांबी पावणेअकरा, मधली रुंदी सव्वानऊच्या आत. तेव्हापासून तुकडा टांगल्याशिवाय मी उरेबचा कागद काढत नाही. माप मधोमध घ्यावे, कारण चिमट्यांजवळ कापड मोकळेपणी आटत नाही.

आता कागद. समजा सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ३८ इंच आहे. चौथा भाग साडेनऊ आणि अर्धा इंच लूज धरून १० झाले. तुमचा तुकडा १० वरून साडेनऊवर आटत असेल तर कागदावर साडेदहा इंच घ्यावेत आणि कडेला दीड इंच मार्जिन सोडावे, म्हणजे टांगल्यानंतर अंगावर बसवता येते. लांबी मात्र याच हिशेबाने कमी करू नये, कारण घेरदार स्कर्टमध्ये सगळीकडे खरा उरेब नसतो. मधला भाग उरेब असतो आणि कडेकडे जाताना कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या जवळ येते. मधला भाग उतरतो, कडा तिथेच राहतात. तुमचा घेर वरखाली होण्याचे कारण हेच आहे. म्हणून लांबीला दोन-तीन इंच जास्तच ठेवावेत.

कंबरेची कड हाताळतानाच ताणली जाते. तिथे एकूण अर्धा ते एक इंच कमी धरावे आणि कापल्याबरोबर उभ्या धाग्याची अरुंद पट्टी टाचून घ्यावी. टक्स, म्हणजे कंबरेला आकार देणाऱ्या चिमट्या, बहुतेक वेळा लागत नाहीत. ते वळण कडेच्या शिवणीत मुरते.

शिवण फिरण्याचे कारण वेगळे आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आपल्याला अर्धा कागद काढून कापड दुमडून कापायची सवय असते. उरेबसाठी पूर्ण कागद काढावा, त्यावर उभ्या धाग्याची रेघ ठळक मारावी आणि कापड एकेरी पसरून कापावे. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात, त्यामुळे उभा आणि आडवा धागा सारखे लोंबत नाहीत. पुढचा भाग मध्यावर शिवण घेऊन दोन तुकड्यांत करावा आणि उजव्या तुकड्याची धाग्याची रेघ आरशात दिसावी तशी डाव्या तुकड्यावर यावी, मागेही तसेच. मग दोन्हीकडची ओढ समतोल राहते.

यात कापड जास्त लागते. ४४ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, काठापासून काठापर्यंत उरेब रेघ सुमारे ६२ इंच मिळते, म्हणजे लांबीची अडचण नसते, पण कोपरे वाया जातात. ते ठेवावेत, गळ्याच्या उरेब पट्ट्या त्यातूनच निघतात. ही विद्या आपल्याला परकीही नाही. चुडीदारासाठी कापडाची तिरपी थैली शिवून मग त्यातून पाय कापणारे जुने कारागीर हेच जाणून होते. पॅरिसमध्ये १९१२ साली आपले पोशाखांचे दालन उघडणाऱ्या मादलेन व्हियोने यांनी पूर्ण पोशाख उरेबमध्ये बेतले, आणि बेतण्याआधी त्यासुद्धा लहान लाकडी पुतळीवर कापड लोंबवून पाहत असत.

शिवताना कापड हलकेच ताणून धरावे आणि मशीनचा ताण सैल ठेवावा, नाहीतर कापड उतरले की दोरा तुटतो. खालची दुमड लगेच घालू नये. दोन दिवस टांगावे, मग ज्यांचा कपडा आहे त्यांना सपाट जमिनीवर उभे करून जमिनीपासून वर पट्टीने माप घेत, वीतभर अंतरावर खडूच्या खुणा कराव्यात आणि मगच कापावे. पुतणीच्या गाऊनला पुढे-मागे मध्यावरून दोन इंच कापावे लागले होते.

तुमच्या आताच्या स्कर्टचा घेर असाच सरळ करता येईल आणि कंबर उसवून पट्टी घालता येईल. फिरलेली शिवण मात्र उसवून सुधारणार नाही, कारण तुकडेच तसे कापले गेले आहेत. त्या कापडातून लहान मुलीचा झगा निघत असेल तर तो बेतावा.