चुलीतली राख गार झाली हे कसे ओळखावे आणि तोवर ती कुठे ठेवावी?

खारघरच्या रो-हाऊसमागे रोज संध्याकाळी चूल पेटते, सकाळी राख हाताला गार लागते, मग ती प्लास्टिकच्या बादलीत भरून घंटागाडीत द्यायला काय हरकत आहे, असे आपण विचारले आहे. हरकत आहे, कारण वरची राख गार लागली म्हणून तिच्या पोटातला निखारा विझलेला असतोच असे नाही.

पूर्वी घरोघरी रात्री निखाऱ्यांवर राख ओढून विस्तव राखला जाई आणि पहाटे फुंकर घालून त्यावरच चूल पेटे. ठाण्यातल्या आमच्या बाळकुमच्या वयस्कर बायका आजही हे सांगतील. राखेच्या थराखाली निखाऱ्याला हवा इतकी कमी मिळते की तो भडकत नाही, पण त्याची धगही बाहेर पडत नसल्यामुळे तो सहज विझतही नाही. ज्या अमेरिकेत थंडीत घरे तापवण्यासाठी लाकडाच्या शेगड्या अनेक घरांत वापरतात, तिथली अग्निशमन दले राखेतले निखारे चार दिवसांपर्यंत धगधगत राहू शकतात, असे बजावत असतात. म्हणून राखेवर हात धरून केलेली परीक्षा मी मुळीच ग्राह्य धरणार नाही, दिवस मोजावेत.

ते दिवस राख कशात काढते, यावर बहुतेक सारे अवलंबून आहे. भांडे धातूचेच हवे आणि त्याला घट्ट बसणारे झाकणही हवे, कारण झाकणामुळे हवा तुटते आणि वाऱ्याने ठिणगी उडत नाही. तेलाचा वरून कापलेला पत्र्याचा डबा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो, पण त्याला झाकण नसते आणि कडा हात कापतात; त्यापेक्षा कडीचे, जाड बुडाचे जुने पिंप बरे. बूडही तापते, म्हणून ते प्लायवूडवर किंवा पायपुसण्यावर न ठेवता विटांवर ठेवावे. अमेरिकेतील एनएफपीए ही अग्निसुरक्षा संस्था असे भांडे घरापासून किमान १० फूट दूर ठेवण्यास सांगते. रो-हाऊसच्या अंगणात एवढी जागा निघणे कठीण असते, हे मान्य. तरीही दुचाकी, सिलिंडर, सरपण आणि वाळत घातलेले कपडे यांच्यापासून शक्य तितके दूर, उघड्यावरच ते ठेवावे. घरात, बंद बाल्कनीत किंवा जिन्याखाली मात्र कधीही ठेवू नये, कारण धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो आणि त्याला वास नसतो.

आपली चूल रोज पेटत असल्यामुळे एक अडचण आपण धरलेली दिसत नाही. कालच्या राखेवर आजची ओतली की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. त्यासाठी दोन भांडी ठेवावीत. एक भरत असताना दुसरे झाकून नुसते पडू द्यावे.

घाई असेल तर पाण्याने विझवता येते, परंतु बादलीभर पाणी एकदम ओतल्यास वाफेबरोबर गरम राख तोंडावर उडते. लांब उभे राहून थोडे थोडे पाणी शिंपडावे, लोखंडी सळईने ढवळावे आणि सगळा लगदा होईपर्यंत थांबावे. हे पाणी चांगलेच अल्कधर्मी, म्हणजे कातडीला आणि ॲल्युमिनियमला खाणारे असते, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि ॲल्युमिनियमचे पातेले त्यासाठी वापरू नये.

घंटागाडीत राख देताना ती पूर्ण गार आहे याची खात्री आपणच करून घ्यायची, कारण पुढे ती कागद, थर्माकोल आणि सुक्या पालापाचोळ्यात मिसळते, आणि गाडीच्या पोटात धूर दिसेपर्यंत ती दोन नाके पुढे गेलेली असते. खरे तर साध्या लाकडाची राख टाकूच नये: कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीत ती मूठ-मूठ विखरून घातली तर चालते, भांडी घासायलाही उपयोगी पडते. रंग दिलेल्या किंवा प्लायवूडच्या तुकड्यांची राख मात्र वेगळी ठेवावी आणि झाडांनाही घालू नये, भांड्यांनाही लावू नये.