समुद्र उजव्या हाताला ठेवा

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, बार्सिलोनाच्या वर, जिरोना नावाचं शहर आहे. पूर्वेला कोस्ता ब्रावाचा खडकाळ किनारा आणि दुसऱ्या अंगाला गारोचाचा ज्वालामुखी प्रदेश. सकाळी सायकल काढली तर दोन्हींपैकी कुठेही जाऊन संध्याकाळी मुक्कामी परतता येतं. व्यावसायिक सायकलपटू कित्येक वर्षांपासून इथे घरं करून राहतात ते यामुळेच. या भागाबद्दल बरेच प्रश्न साठलेत. निवडक प्रश्नांना आज उत्तरं देतो.

आमच्याकडे सायकलिंगसाठी पाच दिवस आहेत. कुठला रूट कुठल्या दिवशी ठेवावा? – चार मित्र, पुणे

एक्सेल शीट करून जाऊ नका. पाचही दिवस आधी ठरवून गेलेल्यांची तिथे वारा फजिती करतो. उत्तरेकडून येणाऱ्या या वाऱ्याला त्रामुंताना म्हणतात. एम्पोर्दाच्या सपाटीवर आणि वर कादाकेसच्या बाजूला तो सुटला की उतारावरसुद्धा पेडल मारावं लागतं. बाजूने झोत आला तर सायकल हातभर सरकते. मी एकदा हट्टाने रोसेसहून कादाकेसला निघालो होतो. वरच्या वळणावर उतरून सायकल हातात धरून चालत आलो. तेव्हा त्रामुंताना असेल त्या दिवशी किनारा सोडा आणि आत, डोंगरांच्या आडोशाला जा. गारोचात मात्र पावसाकडे लक्ष ठेवा. ओलोतला पाऊस नसेल तर तो कुठेच नाही, अशी तिथली म्हणच आहे.

पहिला दिवस तेवढा पक्का ठेवा: एल्स आंजल्स. शहराबाहेर पडता पडता चढ सुरू होतो. सुमारे दहा किलोमीटर, सरासरी चार टक्क्यांच्या आसपास. सिंहगड चढलेल्याला हा चढ म्हणजे गप्पा मारत जायची वाट. विमानात आखडलेले पाय इथे मोकळे होतात. वर एक जुनं देवस्थान आहे. १९५८ साली चित्रकार साल्वादोर दालीने गालाशी लग्न लावलं ते इथेच. पलीकडे मादरेमान्याच्या अंगाने उतरा आणि दगडी गावांमधून वळसा घेऊन परत या.

तोस्साच्या किनारी रस्त्याला ३६५ वळणं आहेत म्हणे. ते धोक्याचं नाही का? – ठाणे

वळणं मी मोजलेली नाहीत, लोक मात्र हाच आकडा सांगतात. तोस्सा दे मार ते सांत फेलिऊ हा जीआय-६८२ रस्ता जेमतेम २२-२३ किलोमीटरचा आहे. सलग सपाट असा तो कुठेच नाही. खाली एखादी छोटी खाडी दिसते, तिच्यापर्यंत उतरायचं, की लगेच पुन्हा चढायचं. कोकणात सागरी मार्गावर फिरलेल्यांना हा प्रकार चांगला ठाऊक असेल. फरक इतकाच, की इथे डांबर गुळगुळीत आहे आणि पाइनची झाडं थेट कड्यावरून समुद्रावर ओणवलेली आहेत.

धोका वळणांपेक्षा दिशेत आहे. स्पेनमध्ये वाहनं उजवीकडून चालतात. तोस्साहून सांत फेलिऊकडे, म्हणजे ईशान्येला निघालात तर समुद्र उजव्या हाताला आणि तुम्ही समुद्राकडच्या लेनमध्ये. उलट आलात तर तुम्ही डोंगराला चिकटलेले, आणि प्रत्येक वेळी समुद्र बघायचा तर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे बघायचा. बरेच जण आधी सांत फेलिऊ गाठतात, कारण तिकडे जाणं सोपं. मी म्हणेन, सकाळी लवकर जिरोनाहून यागोस्तेरामार्गे तोस्सा गाठा. मधला रस्ता बुचाच्या ओकच्या रानातून जातो. बाटलीचं बूच ज्याच्या सालीपासून होतं तेच हे झाड. साल काढलेले बुंधे गेरू फासल्यासारखे तांबडे दिसतात. मग समुद्र उजवीकडे ठेवून सांत फेलिऊ, तिथे बंदराजवळ कॉफी, आणि परत. साधारण शंभर किलोमीटर होतात. जुलै-ऑगस्टमध्ये या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा.

नियमांचं म्हणाल तर शहराबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. ओव्हरटेक करणाऱ्या गाडीने सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, आणि बहुतेक जण तो पाळतात. मागे ट्रक हॉर्न न वाजवता शांतपणे येत राहतो, तेव्हा आपल्यालाच कसनुसं होतं.

बेसॉल्ट तर आपल्या सह्याद्रीतही आहे. मग ज्वालामुखी बघायला तिकडे कशाला? – नाशिक

प्रश्न आवडला. दगड एकाच जातीचा असला, तरी त्याची कथा वेगळी आहे. आपला दख्खन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा पसरत गेल्याने झाला. थरावर थर बसत गेले. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात, पण चित्रातल्यासारखा शंकू कुठे दिसत नाही. गारोचात चाळीसेक छोटे शंकू आहेत आणि त्यांतला क्रोस्कात नावाचा शंकू अकरा-तेरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत जागा होता. भूगर्भशास्त्राच्या हिशोबाने हे कालपरवाचं.

रूट असा: जिरोना, बान्योलेस, बेसालूचा जुना दगडी पूल, कास्तेलफोलीत, ओलोत, सांता पाऊ, आणि मिएरेसवरून परत बान्योलेस. ११० ते ११५ किलोमीटर. कास्तेलफोलीतला सायकल बाजूला लावून खाली नदीकडे चालत जा. बेसॉल्टचा जवळपास पन्नास मीटर उंच, किलोमीटरभर लांब कडा आणि त्याच्या अगदी धारेवर घरांची रांग. दोन वेगवेगळ्या काळांतले लाव्हाचे प्रवाह एकावर एक बसलेत. नीट पाहिलं तर मधली रेघ दिसते आणि खांबांची ठेवणही बदललेली दिसते. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर खांब लगेच ओळखू येतील.

ओलोत ते सांता पाऊ हे नऊ-दहा किलोमीटर या सगळ्या दौऱ्यातले माझे सर्वांत लाडके. रस्ता फाजेडा द'एन जोर्दा या बीच नावाच्या झाडांच्या रानातून जातो. हे रान उभं आहे क्रोस्कातच्या लाव्हावर. बीच एरवी याहून उंचावर वाढतो. इथे ओल भरपूर म्हणून तो सहाशे मीटरांच्याही खाली टिकलाय. उन्हाळ्यातसुद्धा या सावलीत शिरलं की हातावर काटा येतो. शरद ऋतूत मात्र ओल्या पानांवर ब्रेक जपून. पुढे सांता मार्गारीदाचं विवर आहे, आत गोल हिरवं कुरण आणि मधोमध एक छोटं देऊळ. तिथे चालतच जायचं, क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट घालून जाऊ नका.

या रानातच दह्याची एक डेअरी आहे, ला फाजेडा. १९८२ साली एका मानसशास्त्रज्ञाने मनोरुग्णांना खऱ्या पगाराचं खरं काम मिळावं म्हणून ही संस्था सुरू केली. त्याचं नाव क्रिस्तोबाल कोलोन. हो, कोलंबसाचंच नाव. दही उत्तम.

रोकाकोर्बासाठी ११-२८ कॅसेट चालेल? – बंगळुरू

नाही. रोकाकोर्बा म्हणजे इथला कठीण घाट: बान्योलेसच्या तळ्यापासून तेरा-चौदा किलोमीटर आणि सुमारे आठशे मीटर चढ. सरासरीवर जाऊ नका, मधे सोपे तुकडे असल्याने ती फसवी आहे, आणि दहा टक्क्यांच्या वरचे तुकडे भरपूर आहेत. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या. सर्वांत मोठ्या चकतीला २८ दाते इथे कमी पडतात. पुढे ३४ दात्यांची आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांची चकती घ्या. वर अँटेना, पॅराग्लायडिंगची उडी मारायची जागा आणि डोळ्यांत मावणार नाही एवढा देखावा. रस्ता तिथेच संपतो, आल्या वाटेनेच उतरायचं. फक्त फोटोसाठी जाणार असाल तर त्या दिवशी दुसऱ्यांदा गारोचात जा, असं माझं मत.

आम्ही दोघं साठीच्या पुढचे. रोज तीसेक किलोमीटर सायकल चालवतो, पण ट्रॅफिकची भीती वाटते. – सांगली

तुमच्यासाठी तर तिथे आख्खी रेल्वे मोकळी करून ठेवली आहे. ओलोत-जिरोना आणि जिरोना-सांत फेलिऊ अशी छोटी नॅरोगेज गाडी धावायची, आपल्या नेरळ-माथेरानची चुलत बहीण म्हणा. १९६९ साली ती बंद पडली. तिच्याच मार्गावर आता सायकलवाट आहे: पहिला टप्पा पन्नासेक किलोमीटरचा, दुसरा चाळीसेक. आगगाडीसाठी आखलेली असल्याने चढ अगदी हलके. ओलोतहून निघा. सुरुवातीला थोडं चढून बासच्या खिंडीपर्यंत जायचं, तिथून जिरोनापर्यंत बहुतेक सगळा उतार. जुनी स्टेशनं वाटेत लागतात, काहींत खाण्यापिण्याची सोय आहे.

वाट डांबरी नाही, दाबलेल्या बारीक खडीची आहे. बारीक टायरची रोड सायकल नको, रुंद टायरची हायब्रिड घ्या. पहिला टप्पा दोन दिवसांत करा. घाई कुणाला आहे?

शाकाहारी माणसाचे हाल होतात का? – डोंबिवली

हाल पदार्थांपेक्षा घड्याळ करतं. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन. मी एकदा सव्वाचारला सांता पाऊत पोचलो, तर स्वयंपाकघरं बंद. ऑलिव्ह आणि वेफर्सवर पुढचे पन्नास किलोमीटर काढले.

पदार्थ आहेत. टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल घातलेला पाव सगळीकडे मिळतो. भाजलेल्या वांग्या-मिरचीची एस्कालिवादा मिळते, आपल्या भरताच्या नात्यातली. सांता पाऊचे फेसोल्स, म्हणजे ज्वालामुखीच्या मातीत पिकणारे छोटे पांढरे घेवडे, खायलाच हवेत. पण ते बरेचदा सॉसेजबरोबर येतात किंवा चरबीत परततात. ‘सेन्सा कार्न’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगा आणि वर डुकराची चरबीही नको हे वेगळं सांगा. मांसात ती धरलेली असेलच असं नाही.

स्वतःची सायकल न्यावी की भाड्याने घ्यावी? – पुणे

आठवड्याभरासाठी भाड्याने. जिरोनात चांगली दुकानं आहेत, फक्त स्वतःची पेडल न्या आणि सॅडलची उंची लिहून न्या. स्वतःची नेणारच असाल तर पॅक करताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून उलट्याच दिशेने आवळत बसलेले मी विमानतळावर पाहिलेत.

भाड्याची सायकल हातात आली की आधी ब्रेक बघा. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडे डाव्या. सवयीने मागचा म्हणून डावा करकचून दाबलात तर थेट हँडलवरून पुढे. त्यात पहिलाच गोल चौक उलट्या दिशेने घ्यायचा असतो. दुकानदाराला सांगून ब्रेक बदलून घ्या, किंवा दुकानामागच्या गल्लीत दहा फेऱ्या मारा. मी फेऱ्या मारल्या. अकराव्या फेरीला एका आजींनी गॅलरीतून विचारलं, वाट चुकलात का?