जमैकन ख्रिसमस ब्लॅक केक पुण्यात घरी करता येईल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: आपल्या प्लम केकपेक्षा हा वेगळा कसा, तिकडची रम-वाइन नसताना जमेल का, आणि अंड्याशिवाय होईल का. मी टोरांटोत राहते. इथे जमैकन वस्ती मोठी आहे आणि माझी शेजारीण तिथलीच. हा केक मी तिच्या ओट्यापाशी उभी राहून शिकले, त्यामुळे पुढचं सगळं तिच्या पद्धतीचं. दुसऱ्या घरी थोडं वेगळं असेलच.

आधी फरक. गोव्याच्या किंवा मुंबईच्या प्लम केकमध्ये काजू आणि फळांचे तुकडे दाताखाली येतात. जमैकन केकमध्ये रम-वाइनमध्ये मुरलेली फळं बहुतेक घरी वाटून घेतात आणि काजू-बदाम सहसा नसतात. त्यामुळे तो केकपेक्षा पुडिंगकडे झुकतो: ओलसर, जड, जवळजवळ काळा. मूळ इंग्रजांचं वाफवलेलं प्लम पुडिंग. उसाच्या मळ्यांच्या त्या बेटावर त्यात रम आणि जाळलेली साखर आली. ऊस पिकवणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, 1838 मध्ये ते पूर्ण मुक्त झाले. आज हाच केक तिथे नाताळात असतो आणि लग्नातही.

फळं साधारण 700 ग्रॅम घ्या: बिनबियांच्या काळ्या मनुका, काळे बेदाणे, भरपूर प्रून (सुकवलेले आलुबुखार), थोडी चेरी, थोडी संत्र्याची पाकवलेली साल. प्रूनमध्ये काटकसर नको, मऊपणा त्याचाच. टूटीफ्रूटी मात्र अजिबात घालू नका. ती कच्ची पपई, वाटल्यावर नुसती साखर उरते. पाकिटातली लाल चेरीही आपल्याकडे पुष्कळदा रंगवलेलं करवंदच असतं. ते चालेल, पण मूठभरच.

जमैकात फळं रे अँड नेफ्यूच्या पांढऱ्या रममध्ये आणि रेड लेबल नावाच्या गोड वाइनमध्ये भिजवतात (हे रेड लेबल म्हणजे चहा नव्हे, व्हिस्कीही नव्हे). ती रम 63 टक्के अल्कोहोलची, आपली ओल्ड मंक 42.8 टक्क्यांची. म्हणून मी म्हणेन, अर्धा लिटर गोव्याची गोड पोर्ट वाइन आणि पाव लिटर ओल्ड मंक घ्या. चव थोडी गडद येते, पण या केकला ती शोभते. काचेच्या बरणीत फळं पूर्ण बुडाली पाहिजेत. नियम लोणच्याचाच: पाण्याचा थेंब नको, ओला चमचा नको. कितीतरी घरांत एक नाताळ झाला की पुढच्या वर्षीची बरणी भरून ठेवतात. तुमच्याकडे तेवढा वेळ नसेल तर फळं वाइनमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवा, गॅस बंद करून थोडं निवल्यावरच रम ओता आणि दोन-तीन दिवस मुरू द्या. पेटत्या गॅसशेजारी रमची बाटली उघडू नका.

आता खरी कसोटी, साखर जाळून केलेला काळा पाक. तिकडे त्याला ब्राउनिंग म्हणतात आणि ते बाटलीतही मिळतं, पण घरी करणं सोपं आहे. जाड बुडाच्या कढईत 200 ग्रॅम साखर कोरडीच वितळवा. सोनेरी झाली की बहुतेक जण घाबरून गॅस बंद करतात आणि मग केक तपकिरी, गोडमिट्ट होतो. थांबू नका. साखर फेसाळेल, धूर येईल, रंग काळ्या कॉफीसारखा होईल. खिडकी उघडी ठेवा. मग कढई खाली उतरवून, हात लांब ठेवून, अर्धा कप उकळतं पाणी हळूहळू घाला, जोरात उसळतं. चाखल्यावर कडवट लागलं पाहिजे, कारण गोडाला तोल या कडूपणानेच येतो. कोळशासारखा वास आला तर मात्र टाकून पुन्हा करा.

पुढचं साधं आहे. 250 ग्रॅम लोणी आणि 250 ग्रॅम ब्राउन शुगर बोटांना कण लागेनासे होईपर्यंत फेसा. सहा अंडी लिंबाची किसलेली साल आणि व्हॅनिला घालून वेगळी फेटा, सालीने उग्र वास जातो. ती थोडी थोडी मिसळा. मग वाटलेली फळं आणि तीन-चार मोठे चमचे ब्राउनिंग. शेवटी 200 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम ब्रेडचा कोरडा चुरा, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, दालचिनी आणि जायफळ. तिकडच्या मसाल्यात ऑलस्पाइस असतं, ते जमैकात होणाऱ्या एका झाडाचं फळ. मिळालं नाही तर चिमूटभर लवंगपूड घाला. पिठाचा रंग फिका वाटला तर अजून ब्राउनिंग घाला, भाजल्यावर तो आपोआप काळा होणार नाही.

सात इंची दोन भांडी, बुडाला कागद, ओव्हन 150 अंशांवर, खालच्या जाळीवर पाण्याचं ताट. सव्वा तासाने सुरी घालून बघा. थोडे ओलसर कण लागले तर चालतील, कच्चं पीठ नको. गरम असतानाच वरून दोन-तीन चमचे वाइन-रम शिंपडा, गार झाल्यावर गुंडाळून दोन दिवस हात लावू नका. आयसिंगची गरज नाही. भाजल्यावरही सगळं अल्कोहोल उडत नाही, म्हणून पाहुण्यांना आधी सांगा. लहान मुलांसाठी फळं द्राक्षाच्या रसात शिजवून वेगळा करा, फक्त तो आठवड्यात संपवा.

सोबत तिथे सॉरेल पितात: आपल्या लाल अंबाडीची बोंडं, आलं आणि साखर उकळून केलेलं लालभडक सरबत, मोठ्यांच्या ग्लासात रम. अंबाडीची बोंडं हिवाळ्यात मंडईत दिसली तर सोडू नका.

अंड्याशिवाय? माझ्या मते नाही. एवढी जड फळं नुसतं दही किंवा कंडेन्स्ड मिल्क धरून ठेवत नाही, मध्ये बसून केक चिकट होतो. घरात अंडं चालत नसेल तर हीच मुरलेली फळं बिनअंड्याच्या साध्या केकमध्ये वाटीभर घाला.