खेळ आधी, व्याख्या नंतर

तुम्ही लिहिलंय की द्वितीय वर्षाला ह्युमन फॅक्टर्स (वस्तू आणि यंत्रं माणसाला साजेशी कशी घडवायची, हा विषय) शिकवताना तासाच्या शेवटी दहा मिनिटं खेळ घेता, मुलं रमतात, पण पेपरात पाठ केलेल्या व्याख्याच उतरतात. बरीच वर्षं हा विषय शिकवतेय, त्यावरून सांगते: खेळ बदलू नका, क्रम बदला. आपल्याला पटलेल्याच गोष्टीचे पुरावे माणूस शोधतो, हे आधी सांगून टाकलंत की मुलं खेळात ती चूक टाळायलाच बसतात. खेळ पहिल्या मिनिटाला घ्या. त्या चुकीचं नाव शेवटी सांगा.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचा १९६० सालचा प्रयोग घ्या. फळ्यावर २-४-६ लिहायचं. 'हे तीन आकडे माझ्या एका नियमात बसतात. तुम्ही तुमचे तीन सांगा, मी फक्त हो की नाही म्हणेन. खात्री झाली की नियम चिठ्ठीवर लिहून द्या.' मुलं ८-१०-१२ म्हणतात, मग २०-२२-२४. मी हो म्हणत जाते. लगेच चिठ्ठ्या येतात: दोन-दोनने वाढणारे सम आकडे. चूक! नियम एवढाच असतो, की पुढचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. मग मी एकच विचारते, 'उत्तर "नाही" यावं म्हणून कोणी आकडे सांगितले का?' वर्ग गप्प होतो. ती शांतता तुम्ही मोडू नका, त्यांचं त्यांना बोलू द्या.

ह्युमन फॅक्टर्ससाठी मात्र माझा भरवसा शेगडीवर. पुठ्ठ्यावर चौकोनात चार बर्नर काढा आणि खाली एका ओळीत चार बटणं. कुठलं बटण कुठल्या बर्नरचं, हे एकदाच दाखवा. मग एकाने 'मागचा डावा!' असं ओरडायचं, दुसऱ्याने झटकन बटणाला हात लावायचा, तिसऱ्याने चुका मोजायच्या. दुसऱ्या पुठ्ठ्यावर मागचे बर्नर थोडे बाजूला सरकवा, म्हणजे चारही बर्नर डावीकडून उजवीकडे बटणांच्याच क्रमाने दिसतील. चुका जवळजवळ थांबतात. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपनिस आणि त्याचा सहकारी लिंडनबॉम यांनी १९५९मध्ये हेच तपासलं होतं.

एकदा एक मुलगी तीनदा चुकली आणि म्हणाली, "मॅडम, माझंच लक्ष नव्हतं." मी काही बोलले नाही, दुसरा पुठ्ठा पुढे केला. एकदाही चुकली नाही. दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांची गोष्ट मी तेव्हा सांगते, त्याआधी नाही. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक विमान उतरवल्यावर फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) चाकंच वर घ्यायचे. दोन्हींचे खटके सारखे आणि शेजारी-शेजारी होते. याच चॅपनिसने चाकांच्या खटक्याला चाकासारखा आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा आकार द्यायचा उपाय काढला. आजही विमानात चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराची मूठ दिसते.

खेळाला दहा मिनिटं दिलीत तर बोलायला वीस द्या. मी सुरुवातीला हे उलट करायचे आणि सगळं वाया जायचं. 'कुठे अडलात, तेव्हा मनात काय चाललं होतं' एवढं विचारलं तरी पुरतं.

एक मनापासून सांगते. एखाद्याला वगळण्याचे, फसवण्याचे खेळ वर्गात घेऊ नका. चेंडू फेकण्याच्या एका खेळात मी एका मुलाला मुद्दाम बाजूला ठेवायला सांगितलं होतं. नंतर सगळं समजावून सांगितलं, तरी तो माझ्या पुढच्या दोन तासांना वर्गात आला नाही. त्याची माफी मागितली आणि तो खेळ कायमचा बंद केला.

आणि पेपर. प्रश्न 'व्याख्या लिहा' असा असेल तर व्याख्याच येणार. मी विचारते: रोज वापरातली, माणसाला चुकवणारी एक वस्तू काढून दाखवा आणि ती सुधारा. गेल्या वेळी एकीने होस्टेलच्या खोलीतला स्विचबोर्ड काढला होता. सहा सारखी बटणं, आणि पंख्याचं नेमकं दारापासून सर्वात लांब. शेजारी तिचा बदललेला बोर्ड, आणि खाली एक ओळ: 'चार महिने मी रूममेटला धांदरट म्हणत होते.'