तिची ताटं फेकलीत, आता कर्ज तरी काढू नका

सिंहगड रोडवरच्या बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलीला बारावीला 76 टक्के, सीईटीला 82 पर्सेंटाइल. मार्कांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती पुढच्या ओळींची. ‘तिच्या डोक्यात कोळंबीच्या सालांपासून पिशव्या करायचं खूळ शिरलंय. गॅलरीतली सहा ताटं चिठ्ठ्यांसकट फेकून दिली. मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घेतोय, कर्ज काढतोय. कॉलेज सुचवा.’

कॉलेज मी सुचवणार नाही. त्या ताटांत काय होतं, हे तिला विचारलंत का? कोळंबीच्या सालांपासून मिळणारी कायटोसानची पूड व्हिनेगरमध्ये विरघळवायची, मेडिकलमधलं ग्लिसरीन घालायचं आणि ताटात पातळ ओतून वाळवायचं. ग्लिसरीन कमी पडलं तर वाळलेला पापुद्रा, म्हणजे फिल्म, तडकते, जास्त झालं तर चिकटते. म्हणून तर सहा ताटं, प्रत्येकावर प्रमाणाची चिठ्ठी! असं काम करायला एमएस्सीच्या मुलांना शिकवावं लागतं हो. तिला ते आपणहून सुचलं आणि तुम्ही कचऱ्यात टाकलंत. मला फार वाईट वाटलं. आधी तिची माफी मागा.

‘आयुष्यभर मासळीच्या वासात काम करणार का,’ असंही तुम्ही विचारलंय. हे मासळीचं नाही, रसायनशास्त्राचं काम आहे. सालांतला चुना आम्लाने काढतात, प्रथिनं कॉस्टिक सोड्याने. उरतं ते कायटिन. ते 40-50 टक्के कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसान. ती पांढरट पूड हातात घेतलीत तर कोळंबी आठवणारही नाही. तिची फिल्म ऑक्सिजन चांगला अडवते, जंतूंची वाढही रोखते, पण ओलावा लागला की मऊ पडते. दुधाची पिशवी अजून या फिल्मची होत नाही ती म्हणूनच, आणि तिथेच डोकं चालवणारी माणसं हवी आहेत. कॉस्टिक मात्र घरात नको, ते लॅबमध्येच.

पुण्यातच बीएस्सी केमिस्ट्री, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. किंवा कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, पॉलिमर इंजिनिअरिंग. पॉलिमरवर संशोधन करणारी एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तुमच्या पाषाणलाच आहे. कोळंबीच्या सालांपासून कायटोसान करण्यावर कोचीच्या सीआयएफटीने, म्हणजे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, काम केलंय. या वाटेवर पगार उशिरा सुरू होतो, हे तिलाही स्पष्ट सांगा.

कर्जाच्या कागदांवर सही झाली नसेल तर थांबा. ऑप्शन फॉर्म तिला भरू दे, तुम्ही शेजारी बसा. आणि पुढचं पत्र तिने लिहावं. सहांपैकी कुठल्या ताटातली फिल्म न फाटता निघाली, ते मला तिच्याकडून ऐकायचंय.