इंटर्नशिपसाठी गंठण मोडायची घाई नको

ताई, बार्शीहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलीचं एमएस्सी डाएटेटिक्स झालंय, आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसायचं तर आधी हॉस्पिटलात 6 महिने इंटर्नशिप लागते, पुण्यातलं एक हॉस्पिटल त्याचे 30 हजार मागतंय, स्टायपेंड शून्य, आणि तुम्ही विचारताय गंठण मोडू का. थांबा जरा.

फी घेणं ही काही फसवणूक नाही, बरीच हॉस्पिटलं घेतात, काही फुकट करून देतात, थोडी चहापाण्यापुरतं देतातही. पण पैसे भरायच्या आधी मुलीनं डाएट डिपार्टमेंटला सरळ फोन लावून विचारावं की माझ्यावर देखरेख करणाऱ्या मॅडम स्वतः आरडी आहेत का, आणि शेवटी मिळणारं सर्टिफिकेट इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या परीक्षेच्या फॉर्मला चालतं का. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं हॉस्पिटल बघा, असलं सर्टिफिकेट 10 हजारात मिळालं तरी महागच पडेल.

आणि खरा खर्च फी नाहीच, पुण्यातलं राहणं-खाणं आहे. तिथं रूम आणि मेस मिळून महिन्याला 10-12 हजार धरले तर 6 महिन्यांत फीच्या दुपटीवर जातं. सोलापुरात तुमची बहीण आहे म्हणता ना, मग आधी सोलापूरची मोठी हॉस्पिटलं का नाही विचारली? एमएस्सीसाठी एज्युकेशन लोन काढलंय ना, मग बँकेत जाऊन हप्ता कधी सुरू होतो ते लेखी घ्या, बहुतेक ठिकाणी कोर्स संपल्यावर 1 वर्षाची सवलत असते, म्हणजे इंटर्नशिपच्या काळात हप्त्याचं टेन्शन नको, व्याज तेवढं चढत राहतं.

आता अर्ज. तिचा मेल वाचला, "मला न्यूट्रिशनची पॅशन आहे" वगैरे, असे ढीगभर येतात हो. त्यापेक्षा आजीची शुगर बघून ती भात वाटीनं मोजून वाढते, असं तुम्हीच लिहिलंय, ते टाकायला सांगा. माझ्याकडची एक मुलगी इंटर्नशिपला होती, सुरुवातीला नुसती किचनमध्ये, ट्रॉलीवरचं ताट आणि डाएट कार्ड, म्हणजे कुठल्या पेशंटला काय द्यायचं त्याची चिठ्ठी, जुळवत, रडकुंडीला आली होती. मग वॉर्डात एका आजोबांना विचारलं काय खाता, तर म्हणे "गोड अजिबात नाही", आणि ही चिवट, चहा किती विचारलं तर 6 कप, प्रत्येकात 2 चमचे साखर! हे पुस्तकात कुठं सापडणार.

किडनीच्या पेशंटसाठी भाज्या चिरून पाण्यात का भिजवतात, आरटी फीडचं, म्हणजे नाकातल्या नळीतून देतात त्या पातळ आहाराचं, माप कसं काढतात, एवढं इंटरव्ह्यूआधी वाचून जाऊ दे, हमखास विचारतात. आणि सोलापूरच्या दोन-तीन ठिकाणी याच आठवड्यात मेल जाऊ दे, पुण्याला पैसे भरायची शेवटची तारीख 20 आहे म्हणता, तोवर गंठण राहू दे कपाटात.