दुसऱ्या फेरीचं रीडिंग टाकून देऊ नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि माझी जुनी वही काढून बसले. पाण्याचा ताण दिला तर पानांच्या अर्काचा जंतूंवरचा परिणाम वाढतो का, हे तुम्ही पाहताय: कालमेघाच्या २४ कुंड्या, त्यातल्या १२ पाण्याच्या ताणावर, बाकीच्या नेहमीच्या पाण्यावर (कंट्रोल). पहिल्या फेरीत १० ग्रॅम ताजी पानं मिथेनॉलमध्ये वाटून अर्क काढलात, तेव्हा स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर कंट्रोलचा झोन (अर्काभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) १३ मि.मी. आला आणि ताणातल्या झाडांचा १४.५. दुसऱ्या फेरीत सावलीत वाळवलेल्या पानांची पूड घेतलीत तर दोन्हीकडे १४. गाईडचं म्हणणं, वाळवताना काहीतरी बिघडलं; पहिली पद्धत पुन्हा करा आणि शुक्रवारपर्यंत ॲबस्ट्रॅक्ट द्या. तुम्ही विचारलंय की वाळवण्यात नेमकं काय चुकलं असेल.

माझ्या मते वाळवण्यात काहीच चुकलेलं नाही. दुसरी फेरी खरी आहे. घोळ पहिलीत आहे, आणि तो पाण्याचा आहे.

आधीच सांगते, मी तुमच्या प्लेट पाहिलेल्या नाहीत. मी आता संशोधनातही नाही, पुण्यातच वनौषधींच्या कच्च्या मालाची तपासणी करते. त्यामुळे माझं म्हणणं तपासून घ्या. तपासायला एक दिवस पुरेल, ते खाली लिहिलंय. कल्चर किती ताजं असावं, ०.५ मॅकफार्लंड (जंतूंच्या द्रावाचा ठरलेला गढूळपणा), डीएमएसओचा (अर्क ज्यात विरघळवतो त्या द्रवाचा) कंट्रोल, ३७ अंश वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे असं धरून पुढे जाते.

ताण पडलेल्या पानात पाणी कमी असतं, म्हणूनच तर आपण त्याला ताण म्हणतो. मग १० ग्रॅम ताजं पान मोजताना कंट्रोलच्या झाडाचं आपण पाणी जास्त मोजतो आणि ताणातल्या झाडाचं पान जास्त मोजतो. तुम्ही आरडब्ल्यूसी (पूर्ण फुगलेल्या पानाच्या तुलनेत पानात किती टक्के पाणी आहे ते) कंट्रोलचं ८६ आणि ताणाचं ५८ टक्के दिलंय. कंट्रोलच्या पानात कोरडा भाग २० टक्के धरा, आणि पूर्ण फुगलेलं पान दोन्हीकडे सारखंच पाणी धरतं असं समजा. तर ताणातल्या पानात कोरडा भाग साधारण २७ टक्के येतो. म्हणजे एकीकडे २ ग्रॅम माल आणि दुसरीकडे २.७ ग्रॅम. मिथेनॉल आटवून शेवटी दोन्ही अर्क १० मि.ली. डीएमएसओमध्ये केलेत असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे प्लेटवरच्या आगरमध्ये पाडलेल्या विहिरीत (छोट्या खड्ड्यात) ५० मायक्रोलिटर टाकताना एका बाजूला सुमारे ३५ टक्के जास्त पान पडलं. झाडाने काही वेगळं बनवलं नसतं तरी तिथला झोन मोठाच आला असता. पूड केल्यावर दोन्हीकडे माल सारखा झाला आणि फरक गेला.

कालमेघाच्या बाबतीत मी हे एवढ्या खात्रीने म्हणते, कारण त्यातलं मुख्य कडू द्रव्य, अँड्रोग्राफोलाइड, सावलीत वाळवताना उडून जाणारं नाही. तुमची झाडं तुळशीची असती तर मी गप्प बसले असते. तुळशीतलं युजेनॉल तेलातलं आहे, वाळवताना त्यातलं काही जातंच, आणि मग तुमच्या गाईडची शंका रास्त ठरली असती. पान कसं हाताळलं यावर सगळं फिरतं हे खरंच आहे. चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांच्या गटाला छिंगहाऊ या औषधी वनस्पतीच्या अर्काचे परिणाम कधी येत, कधी येत नसत. १९७१ मध्ये त्यांनी उष्णता टाळून, कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, तेव्हा तो हिवतापावर हमखास लागू पडायला लागला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे हिवतापाचं औषध हाती आलं आणि २०१५ मध्ये नोबेल. तेव्हा वाळवण्यावर संशय घेणं चूक नाही, पण तुमच्या आकड्यांकडे पाहता तो इथे लागू होत नाही.

आता माझं. २०११ चा उन्हाळा, कॉलेजची गच्ची, अडुळशाच्या कुंड्या. तुमच्यासारखीच १० ग्रॅम ताजी पानं, तसाच अर्क. कंट्रोल १४, ताण १७. मला केवढा आनंद झाला होता! घरी येऊन आईला त्या प्लेटचा फोटो दाखवला होता. पोस्टर झालं, त्याला बक्षीस मिळालं, पेपर लिहून पाठवला. तीन महिन्यांनी रिव्ह्यूअरचं एक ओळीचं पत्र आलं: अर्क ताज्या वजनावर की कोरड्या? ताज्या वजनावर असेल तर दोन्ही गटांतल्या पानांचं कोरड्या भागाचं प्रमाण द्या.

ते प्रमाण माझ्याकडे होतं आणि नव्हतंही. आरडब्ल्यूसी काढायला तीन वजनं लागतात: ताजं, फुगलेलं, कोरडं. ती मी सगळी घेतली होती. पण काट्यावर बसल्या बसल्या बटर पेपरच्या तुकड्यांवर पेन्सिलीने लिहायची, कॅल्क्युलेटरवर टक्का काढायचा, वहीत फक्त टक्का उतरवायचा आणि तुकडा टाकून द्यायचा, अशी माझी सवय होती. वहीत ८९, ५५, ६१ असे टक्के ओळीने सुबक लिहिलेले. त्यांच्यामागचं एकही वजन नाही. पानं संपलेली, झाडं पावसाळ्यात दुसऱ्या कामासाठी छाटलेली. त्या एका ओळीचं उत्तर द्यायला मला अख्खं वर्ष थांबून पुढचा उन्हाळा गाठावा लागला. तेव्हा कोरड्या वजनावर अर्क काढला तर फरक अर्ध्या मि.मी.चा आला, आणि त्या वेळी माझी पट्टीच एक मि.मी.ची होती. शिष्यवृत्तीची मुदत मधेच संपली. थिसिस दीड वर्ष लांबला. एका चिठ्ठीवरच्या आकड्यांपायी हे झालं याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

मधल्या काळात मी आणखी एक वाट धरून पाहिली, ती सांगितली पाहिजे कारण तुम्हालाही कुणीतरी सुचवेलच: ‘एचपीएलसी करून घ्या, वाद मिटेल.’ (अर्कातली द्रव्यं वेगळी करून मोजणारी यंत्रचाचणी.) एका सुविधा केंद्रात सहा नमुने दिले. पैसे आधी भरून घेतले. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, त्यात अडुळशातल्या वासिसीन या द्रव्यासमोर कंट्रोलला ४१ टक्के आणि ताणाला ५२ टक्के. मी हरखले. घरी येऊन नीट वाचलं तर तो एरिया पर्सेंट होता. म्हणजे आलेखातल्या सगळ्या शिखरांमध्ये या शिखराचा वाटा. स्टँडर्डशी (माहीत प्रमाणाच्या शुद्ध द्रव्याशी) तुलनाच केलेली नव्हती, त्यामुळे एका ग्रॅम पानात किती मिलिग्रॅम हे त्यावरून कळतच नाही. इतर घटक कमी झाले तरी हा वाटा वाढतो. विचारायला गेले तर खिडकीतून उत्तर मिळालं की रिपोर्ट फायनल आहे. मूळ फाइल मागितली, अर्ज लिहून दिला, तीन खेपा घातल्या. शेवटी सांगितलं की नमुने पुन्हा द्या आणि फी पुन्हा भरा. कोणत्या वजनावर अर्क केला होता हे त्यांनी आधीही विचारलं नाही, नंतरही नाही. विद्यार्थ्याला तिथे इतकं एकटं सोडतात की माझा अजून संताप होतो. तुम्ही कुठेही नमुना दिलात तरी स्टँडर्ड कर्व्ह लावणार का आणि रॉ डेटा देणार का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. तुमचं नशीब माझ्यापेक्षा चांगलं आहे असं मला वाटतं, कारण पोस्टमध्ये तुम्ही आरडब्ल्यूसीसोबत ‘(पानांच्या) चकत्यांची वजनं वहीत आहेत’ असं लिहिलंय. त्या वजनांतून कोरडं भागिले ताजं काढा, कुंडीनुसार. मी वर धरलेले २० आणि २७ विसरून जा, तुमचे खरे आकडे घ्या. हे आज रात्री दहा मिनिटांत होईल.

पहिल्या फेरीचा अर्क फ्रीजमध्ये शिल्लक असेल तर उद्या एवढंच करा: ताणाचा अर्क त्या प्रमाणात पातळ करा. प्रमाण २० ला २७ निघालं तर २ मि.ली. अर्काचा डीएमएसओ घालून २.७ मि.ली. करायचा. मग तो, कंट्रोलचा अर्क आणि न पातळ केलेला ताणाचा अर्क एकाच प्लेटवर लावा, अशा तीन-चार प्लेट करा. शेजारी कंट्रोलचाच अर्क अर्धा पातळ करूनही लावा, म्हणजे तुमच्या प्लेटवर दुप्पट मालाला झोन किती मि.मी. वाढतो ते दिसेल. झोन मालाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, लॉगच्या चालीने वाढतो, म्हणून १४.५ ला १.३५ ने भागून ‘दुरुस्त’ झोन काढू नका. मला एकाने हा सल्ला दिला होता, तो सपशेल चुकीचा आहे. आणि डीएमएसओ साधारण १८ अंशांखाली गोठतो. फ्रीजमधली कुपी काढून वरवर पातळ दिसली की लगेच पिपेट घालू नका, पूर्ण वितळू द्या, चांगली हलवा, तळाशी काही बसलं नाही ना ते पाहा.

एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण) लावणार असाल तर लावा, मी तर झोनपेक्षा त्यालाच मान देते. विहिरीतून आगरमध्ये नीट न पसरणारी द्रव्यं झोन देतच नाहीत, म्हणून झोन नाही म्हणजे परिणाम नाही असं होत नाही. पण एमआयसीत दुप्पट-दुप्पट पायऱ्या असतात आणि एका पायरीचा फरक पद्धतीच्या चुकीतच धरतात. ५ ऐवजी २.५ मि.ग्रॅ. आलं म्हणून ताणाचा विजय जाहीर करू नका. कच्च्या अर्काची एमआयसी १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली.च्या वर असेल तर जाणकार तिला फारसं वजन देत नाहीत, हेही मनाशी असू द्या. हिरव्या अर्कात गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही, रेझाझुरिन हा रंग घाला, निळ्याचं गुलाबी झालं की जंतू जिवंत. ई. कोलाय या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूवर काहीच दिसलं नाही म्हणून घाबरू नका. अशा जिवाणूंचं बाहेरचं आवरण आणि आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप यांच्यापुढे बहुतेक वनस्पतिद्रव्यं अशीच हरतात.

मी ताणाने काही होत नाही असं म्हणतेय असं मात्र कुणी वाचू नका. पाणी तोडलं की पर्णरंध्रं मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येणं घटतं, ऊन मात्र तेवढंच पडत राहतं, वाढ थांबते आणि उरलेला कार्बन संरक्षक द्रव्यांकडे वळतो. अनेक वनस्पतींत कोरड्या वजनावरही फिनॉलिक द्रव्यं वाढलेली दिसतात. तुमच्या झाडांत थोडी वाढ खरीही असेल. पण ती ताज्या वजनावर कधीच सिद्ध होणार नाही. ताणात पानात साठणाऱ्या प्रोलीन या अमिनो आम्लाचंही तेच. ते मोजायची १९७३ ची बेट्सची पद्धत वापरून सगळे मायक्रोमोल प्रति ग्रॅम ताजं वजन असंच लिहितात. प्रोलीन इतक्या पटींनी वाढतं की तिथे निष्कर्ष सहसा टिकतो, आकडा मात्र फुगलेलाच असतो.

शिवाय प्रति झाड हिशोब जरूर द्या. समजा कंट्रोलच्या झाडाला १२ ग्रॅम कोरडी पानं आणि ग्रॅमला २० मि.ग्रॅ. द्रव्य, म्हणजे २४०. ताणाच्या झाडाला ७ ग्रॅम पानं आणि ग्रॅमला २५, म्हणजे १७५. टक्का वाढला आणि झाडामागे माल घटला. आमच्याकडे माल घेऊन येणारे शेतकरी हाच प्रश्न विचारतात: ‘मॅडम, पाणी तोडू का नको?’ माल वजनावर विकला जाणार असेल तर माझं उत्तर स्पष्ट नाही असतं. घेणारा द्रव्याच्या टक्क्यावर भाव देत असेल तरच पुढचं बोलायचं.

कुंड्यांबद्दल थोडं. ‘दर चौथ्या दिवशी पाणी’ हा ताण नव्हे. मोठं झाड कुंडी दोन दिवसांत कोरडी करतं, लहान झाडाची पाचव्या दिवशीही ओली असते. कुंडी वजन करून ठरलेल्या टक्क्यावर ठेवा. एप्रिल-मे मध्ये पुण्याच्या गच्चीवर स्लॅब इतका तापतो की मुळांना पाण्याच्या ताणाबरोबर उष्णतेचाही ताण बसतो. कुंड्यांखाली विटा किंवा लाकडी फळ्या ठेवा. आणि वर प्लॅस्टिक हवंच, माझे दहा दिवस एका वळवाच्या सरीने संध्याकाळच्या अर्ध्या तासात धुऊन नेले होते. १२ कुंड्यांची पानं एकत्र करून एकच अर्क केला असेल तर त्याच्या तीन प्लेट म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत, हेही रिव्ह्यूअर विचारणारच. कालमेघ फुलावर आला की हर्बेरियम शीट (ओळख पटवायला वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना) करून ठेवा, नंतर धावाधाव होते.

राहिले गाईड. माझेही म्हणाले होते, ‘एकदा आलं ना, मग ते खरं.’ मी तेव्हा सहा महिने वाद घालत बसले, आणि त्यातून फक्त कटुता आली. तुम्ही ‘चूक झाली’ असं सुरू करू नका. वहीतल्या वजनांचा एक तक्ता करा आणि सांगा की सर, पहिल्या फेरीचे आकडे कोरड्या वजनावर काढून पाहिले, तर ते दुसऱ्या फेरीशी जुळतात. दोन फेऱ्या एकमेकींशी जुळल्या हे ऐकायला कुठल्याही गाईडला आवडतं. ॲबस्ट्रॅक्टमध्ये लिहा की ताज्या वजनावर दिसलेला फरक समान कोरड्या वजनावर राहिला नाही. हा निकालच आहे, आणि शुक्रवारपर्यंत तो देता येतो. ते नाहीच म्हणाले तर ‘ताज्या वजनावर’ हे दोन शब्द तरी वाक्यात ठेवाच.

वजनांची ती पानं आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोरडं-ताजं प्रमाण निघालं की इथेच टाका, कुंडीनुसार. दोन गटांत फरक ३ टक्क्यांपेक्षा कमी निघाला तर माझं वरचं सगळं तुम्हाला लागू नाही, मग पुन्हा नव्याने शोधू.